हाजिरजामीन आणि फैलजामीन

जामीन हा शब्द मराठीत आणि कन्नडात जवळजवळ एकच आहे. अरबी भाषेतून तो दक्खनच्या सुलतानी दप्तरांत आला आणि तेथून दोन्ही भाषांच्या व्यवहारात रुजला. जुन्या मराठी कागदपत्रांत जामीन म्हणजे रक्कम नव्हे, तर माणूस. कोणाच्या तरी वतीने स्वतःला बांधून घेणारा, ‘जामीनकतबा’ लिहून देणारा तो जामीन. त्याचे प्रकारही ठरलेले होते. अमुक इसम बोलावील तेव्हा हजर होईल, अशी हमी घेणारा तो हाजिरजामीन. पैशाची हमी घेणारा तो मालजामीन. आणि सुटलेला इसम नीट वागेल, पुन्हा उपद्रव करणार नाही, याबद्दल जबाबदार राहणारा तो फैलजामीन. पहिल्याने आरोपीच्या पावलांची हमी घ्यायची आणि तिसऱ्याने त्याच्या वर्तनाची, असा हा भेद होता. आजच्या कायद्याच्या परिभाषेत तो पुसट झाला असला, तरी न्यायाधीशापुढे येणाऱ्या प्रत्येक जामीनअर्जात हे दोन प्रश्न वेगवेगळे उभे असतात. गंभीर हिंसक गुन्ह्यांच्या खटल्यांत न्यायालयांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत, याचे एक कारण असे की प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारला जात नाही.

बंगळूर शहराशी या शब्दाचा संबंध केवळ भाषेचा नाही. शहाजीराजांच्या जहागिरीचे ते ठाणे होते. जुलै १६४८ मध्ये जिंजीच्या वेढ्याच्या वेळी आदिलशाही सरदार मुस्तफाखानाने त्यांना कैद केले आणि मे १६४९ मध्ये त्यांची सुटका झाली. सुटकेचे मोल म्हणून शिवाजीराजांनी कोंढाणा आणि थोरल्या संभाजीराजांनी बंगळूर आदिलशहाच्या हवाली केले. एका कैद्यासाठी हे अख्खे शहर मोजले गेले. अर्थात याला न्याय म्हणता येणार नाही. ती सत्तेची देवघेव होती. परंतु कैदेतील माणसाचे मोल त्याच्या सामर्थ्यावरून ठरते, ही समजूत किती जुनी आहे ते यावरून कळते. कर्नाटक उच्च न्यायालय ज्या लाल इमारतीत भरते, तिचे नावही मराठी वाचकाला भाषांतराविना समजण्याजोगे आहे. ती ‘अठरा कचेरी’. सरकारच्या अठरा खात्यांसाठी ती १८६८ मध्ये पुरी झाली.

ब्रिटिशांच्या फौजदारी प्रक्रिया संहितांनी गुन्ह्यांचे जामीनपात्र आणि अजामीनपात्र असे दोन वर्ग केले. १८९८ च्या संहितेच्या ४९७ व्या कलमाने सांगितले की, देहान्त किंवा आजन्म काळ्या पाण्याच्या शिक्षेस पात्र असा गुन्हा आरोपीने केला आहे असे मानण्यास सबळ आधार दिसत असेल, तर त्याला जामिनावर सोडू नये. पुढच्याच ४९८ व्या कलमाने मात्र उच्च न्यायालयाला आणि सत्र न्यायालयाला जामीन देण्याचा व्यापक अधिकार दिला. १९७३ च्या संहितेत हीच रचना ४३७ आणि ४३९ या कलमांत आली, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती ४८० आणि ४८३ या कलमांत आहे. सव्वाशे वर्षांत आकडे बदलले, परंतु सांगाडा तोच राहिला. खालच्या न्यायाधीशाचे हात बांधलेले आणि वरच्याचे मोकळे. मोकळ्या हाताला शिस्त लावणारी एकच गोष्ट उरते, आणि ती म्हणजे दिलेले कारण. दोन आदेशांची तुलना होऊ शकते ती त्यांतील कारणांमुळेच. कारण लिहिलेले नसेल तर एक आदेश दुसऱ्याशी सुसंगत आहे की विसंगत, हे सांगण्याचा मार्गच राहत नाही.

हे महाराष्ट्राला सर्वांत प्रथम आणि सर्वांत कडवटपणे उमगले ते लोकमान्य टिळकांच्या दोन खटल्यांत. टिळकांवरचा आरोप राजद्रोहाचा होता, हिंसेचा नव्हे. तरीही दोन्ही वेळा हिंसेची गडद छाया त्यावर पडलेली होती. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली आणि महिना-सव्वा महिन्यात, २७ जुलैला, टिळकांना अटक झाली. दंडाधिकाऱ्याने जामीन नाकारला. उच्च न्यायालयात पार्सन्स आणि रानडे या न्यायमूर्तींनीही तो नाकारला. खटला सत्र विभागाकडे सोपवला गेल्यावर न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढे पुन्हा अर्ज झाला. टिळकांची बाजू मांडणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. तय्यबजींनी ४ ऑगस्टला जामीन दिला. त्यांच्या विचाराचा गाभा सोपा होता. आरोपी खटल्याच्या दिवशी हजर राहील की नाही, हा मुख्य प्रश्न. आणि महिनाभर तुरुंगात ठेवून पुढे ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले, तर झालेला अन्याय भरून कसा काढणार? म्हणजे तय्यबजींनी हाजिरजामिनाचा प्रश्न विचारला आणि तेवढ्यावर थांबले. पुढे सप्टेंबरात टिळक दोषी ठरले आणि त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पण त्यामुळे तय्यबजींचा आदेश चुकीचा ठरला नाही, कारण टिळक हजर राहिले होते.

अकरा वर्षांनी, मुजफ्फरपूरच्या बाँबनंतर ‘केसरी’त आलेल्या लेखांवरून, २४ जून १९०८ रोजी टिळकांना पुन्हा अटक झाली. या वेळी जामिनासाठी उभे राहिले बॅरिस्टर महंमद अली जीना, आणि न्यायासनावर होते तेच दिनशा दावर. दावरांनी जामीन नाकारला. नकारामागच्या विचारांची चर्चा त्या प्रसंगी न करणेच शहाणपणाचे, असे त्यांनी म्हटले. २२ जुलैला ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी टिळकांना दोषी ठरवले आणि सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ती त्यांनी मंडालेत भोगली.

मराठी चरित्रकारांनी या प्रसंगाचे वर्णन बहुधा व्यक्तीच्या पालटाची गोष्ट म्हणून केले आहे. वकील असताना एक आणि न्यायाधीश झाल्यावर दुसरे, अशी दावरांवर झालेली टीका समजण्याजोगी आहे. परंतु तिने मूळ अडचण झाकली जाते. वकील आपल्या पक्षकाराची बाजू मांडतो, ती त्याची प्रतिज्ञा नसते. दावरांच्या आदेशातील खरे वैगुण्य कारणे न देण्यात होते, आणि या मौनालाही एक बाजू होती. सबळ कारणे लिहायची तर पुराव्याविषयी बोलावे लागते. पुराव्याविषयी उच्च न्यायालयाने बोललेले वाक्य दुसऱ्या दिवशी ज्यूरीच्या कानी जाते. कारण थोडे दिले तर आदेश लहरीचा वाटतो, फार दिले तर खटल्याआधीच निकाल लागल्यासारखा होतो. ज्यूरी गेली, पण हा पेच गेला नाही. बंगळूरच्या एका आदेशात तो शतकभरानंतर पुन्हा वर आला.

स्वातंत्र्यानंतर या विषयावर सर्वाधिक प्रभाव पडला तो न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या लेखणीचा. १९७७ मध्ये त्यांनी तुरुंग हा अपवाद आणि जामीन हा नियम असल्याचे सूत्र मांडले. त्याच वर्षाच्या अखेरीस गुडिकांती नरसिंहुलू प्रकरणात, खुनाबद्दल उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेल्या आणि सर्वोच्च न्यायालयात अपील केलेल्या माणसांना त्यांनी जामीन दिला. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याच्या प्रकरणात त्यांनी ऐपतीबाहेरची दहा हजारांची हमी मागणाऱ्या आणि परजिल्ह्यातील जामीनदार नाकारणाऱ्या दंडाधिकाऱ्याची कानउघाडणी केली. मालजामिनाच्या जोखडातून हाजिरजामिनाला सोडवण्याचाच तो प्रयत्न होता. पण १९७७ च्या त्याच अखेरीस, सुंदर नावाच्या दरोडेखोराला ठार मारल्याचा आरोप असलेल्या दिल्लीच्या पोलीस अधिकाऱ्यांचा सत्र न्यायालयाने दिलेला जामीन उच्च न्यायालयाने रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द करणे योग्य ठरवले. साक्षीदारांवर दबाव आणू शकणारे आरोपी हा तेथे कळीचा मुद्दा होता. फैलजामिनाचा प्रश्न तेथे हाजिरजामिनावर मात करून गेला. या दोन निर्णयांत विरोध पाहण्याची सवय कायद्याच्या विद्यार्थ्यांना लागलेली असते. वस्तुतः ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

अशा प्रश्नांची कसोटी पाहणारे दोन खटले अलीकडच्या काळात बंगळुरातच उभे राहिले. पहिल्याशी मराठी वाचकाचे नाते फार जवळचे आहे. ५ सप्टेंबर २०१७ च्या रात्री राजराजेश्वरीनगरातील घराच्या दारात संपादिका गौरी लंकेश यांची गोळ्या झाडून हत्या झाली. कन्नडचे थोर लेखक, १९९३ च्या साहित्य अकादमी पुरस्काराचे मानकरी पी. लंकेश यांच्या त्या कन्या. त्यापूर्वी २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर, फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे आणि ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडात साहित्य अकादमीचेच मानकरी असलेले संशोधक एम. एम. कलबुर्गी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. या हत्यांमागे एकमेकांशी संबंध असलेली माणसे आहेत, अशी तपास यंत्रणांची मांडणी होती. गौरी लंकेश खटल्यात अठरा जणांवर आरोप ठेवण्यात आले. महाराष्ट्राच्या १९९९ च्या मोक्का कायद्याच्या धर्तीवर कर्नाटकाने केलेला संघटित गुन्हेगारीविरोधी कायदाही त्यांना लावला गेला. या कायद्यात जामिनाची वाट मुद्दाम अरुंद ठेवलेली आहे.

तरीही ७ डिसेंबर २०२३ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने यातील एका आरोपीला जामीन दिला. मारेकऱ्यांसाठी शहराबाहेर घर भाड्याने घेऊन आसरा दिल्याचा आरोप त्याच्यावर होता. जुलै २०१८ पासून तो कोठडीत होता. आरोपपत्रातील ५२७ साक्षीदारांपैकी तोवर ९० तपासले गेले होते. पाच वर्षांत इतके, तर उरलेल्यांना किती, हे गणित न्यायालयाने मांडले. पुरावा भक्कम की कच्चा, यावर आदेशाचा भर नव्हता. भर होता तो घड्याळावर. गौरी यांच्या भगिनी, चित्रपट दिग्दर्शक कविता लंकेश, याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. याच आरोपीवरील संघटित गुन्हेगारीचा आरोप उच्च न्यायालयाने काढून टाकला असता, २०२१ मध्ये त्यांनीच दाद मागून तो पुन्हा लावून घेतला होता. या वेळी मात्र, ऑगस्ट २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने जामिनात हस्तक्षेप केला नाही.

पुढची घडामोड या लेखाच्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. एकाला मिळालेला जामीन समान न्यायाच्या तत्त्वाने दुसऱ्याकडे सरकतो. जुलै २०२४ मध्ये आणखी तिघांना उच्च न्यायालयाने, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आठ जणांना बंगळूरच्या सत्र न्यायालयाने जामीन दिला. त्या आठांत प्रत्यक्ष गोळ्या झाडल्याचा आरोप असलेलाही होता. जानेवारी २०२५ मध्ये कोठडीतील शेवटच्या आरोपीलाही या खटल्यात जामीन मिळाला. मात्र दाभोलकर खून खटल्यात मे २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने त्याला जन्मठेप दिलेली होती. एक आरोपी फरारीच होता. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने पानसरे खटल्यातील सहा आरोपींना दीर्घ कारावासाच्या कारणावरून जामीन दिला.

समान न्याय येथे पाळला गेला, असे म्हणावे लागेल, आणि तेवढेच म्हणून थांबता येणार नाही. घर भाड्याने घेतल्याचा आरोप आणि गोळी झाडल्याचा आरोप पुराव्याच्या तराजूत सारखे वजन भरत नाहीत. काळाच्या तराजूत मात्र ते सारखेच भरतात, कारण दोघेही सारखीच वर्षे आत असतात. सुसंगतीचा मार्ग आसरा देणाऱ्यापासून सुरू झाला आणि नेमबाजापर्यंत कोणतीही तर्कदुष्टता न करता पोहोचला. याबद्दल न्यायाधीशाला दोष देणे सोपे आहे. पण दोष सिद्ध न झालेल्या माणसाला अनिश्चित काळ कोंडून ठेवणे हा त्यावरचा उपाय कोणी सांगू शकणार नाही. खटला चालवणे शासनाचे काम. ते वेळेत झाले नाही, त्याची किंमत मृताच्या कुटुंबाच्या खात्यातून वजा झाली. सुटलेल्यांपैकी दोघांचे विजयपुरात हारतुऱ्यांनी स्वागत झाले, तेव्हा फैलजामिनाचा जुना प्रश्न आठवल्याशिवाय राहत नाही. सुटलेल्या माणसाच्या वागण्याला न्यायालय अटी घालू शकते. त्याच्या गळ्यात हार घालणाऱ्यांना घालू शकत नाही.

दुसरा खटला अगदी निराळ्या जगातला. जून २०२४ मध्ये चित्रदुर्गच्या एका तरुणाला पळवून बंगळुरात आणून मारहाणीत ठार केल्याच्या आरोपावरून कन्नड चित्रपटांचे नायक दर्शन यांच्यासह सतरा जणांना अटक झाली. त्या तरुणाने दर्शन यांच्या निकटच्या एका अभिनेत्रीला अश्लाघ्य संदेश पाठवले होते, असे पोलिसांचे म्हणणे. ऑगस्टमध्ये परप्पन अग्रहार कारागृहाच्या आवारात खुर्चीत बसून सिगारेट ओढतानाचे दर्शन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि त्यांना बळ्ळारीच्या तुरुंगात हलवण्यात आले. ऑक्टोबरअखेर त्यांना वैद्यकीय कारणासाठी सहा आठवड्यांचा हंगामी जामीन मिळाला आणि १३ डिसेंबर २०२४ रोजी त्यांच्यासह सात जणांना उच्च न्यायालयाने नियमित जामीन दिला. अटकेची कारणे वेळेवर लेखी दिली गेली नाहीत, हा त्यातील एक आधार होता. हा आदेश देणारे आणि लंकेश खटल्यातील वर्षभरापूर्वीचा आदेश देणारे न्यायमूर्ती एकच, एस. विश्वजित शेट्टी. एका आरोपीला साडेपाच वर्षांनी, दुसऱ्याला सहा महिन्यांनी. बाहेरच्या माणसाला यात विसंगती दिसणार आणि प्रसिद्धीचे वजन दिसणार. परंतु पहिल्या आदेशात काळाची मोजपट्टी होती. दुसऱ्यात अटकेची रीत आणि पुराव्याचे बळ मोजले गेले होते.

राज्य शासनाच्या अपिलावर १४ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला आणि आर. महादेवन यांनी सातही जणांचा जामीन रद्द केला. त्याच दिवशी दर्शन यांना पुन्हा अटक झाली. उच्च न्यायालयाने खटल्यापूर्वीच पुराव्याची उकल करत बसायला नको होते, अधिकाराचा वापर यांत्रिकपणे झाला, आरोपीच्या प्रसिद्धीने त्याला वेगळा न्याय मिळू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. म्हणजे १९०८ मध्ये दावर ज्या टोकाला होते त्याच्या नेमके विरुद्ध टोक. तेथे कारण नव्हते म्हणून आदेश खटकतो. येथे कारण इतके झाले की तो निर्दोष सुटकेच्या निकालासारखा दिसू लागला. न्यायमूर्ती पारडीवालांच्याच पीठाने जुलै २०२४ मध्ये मुंबईतील बनावट नोटांच्या एका खटल्यात, चार वर्षे कोठडीत असलेल्या आरोपीला जामीन देताना, गुन्हा कितीही गंभीर असला तरी खटला त्वरेने चालवता येत नसेल तर जामिनाला विरोध करू नये, असे शासनाला बजावले होते. तेथेही काळाची पट्टी, येथे पुराव्याची. दोन्ही आदेश शेजारी ठेवून वाचले तरच त्यांची सुसंगती कळते. वृत्तपत्राच्या मथळ्यातून ती कळणे शक्य नाही.

अटकेच्या लेखी कारणांचा मुद्दा मात्र असा सहजी मिटला नाही. दर्शन यांच्या प्रकरणात, आरोपीचे प्रत्यक्ष नुकसान दाखवता येत नसेल तर लेखी कारणांचा अभाव जामिनाला पुरेसा नाही, अशी भूमिका घेतली गेली. अवघ्या तीन महिन्यांत, ६ नोव्हेंबर २०२५ रोजी, वरळीतील मोटार-अपघाताच्या प्रकरणातून उद्भवलेल्या निर्णयात सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने ठरवले की, गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे आरोपीला समजेल अशा भाषेत लेखीच दिली पाहिजेत, आणि दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्यापूर्वी किमान दोन तास तरी ती त्याच्या हाती पडली पाहिजेत. हा दंडक पुढच्या अटकांसाठी होता. एकाच न्यायालयाच्या दोन पीठांत इतक्या जवळच्या काळात असा स्वरभेद उमटावा, हे खालच्या न्यायाधीशाच्या दृष्टीने सोयीचे नाही. तथापि त्यातला ‘समजेल अशा भाषेत’ हा दंडक बेळगाव, कारवार, बिदरच्या मराठी माणसाला कर्नाटकात आणि सोलापूर, जतच्या कन्नड माणसाला महाराष्ट्रात किती उपयोगी पडेल, हे सीमाभागात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

या साऱ्यात मृताच्या आप्तांना जागा उशिरा मिळाली. लखीमपूर-खेरीच्या हत्यांसंबंधात एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीडितांना जामिनाच्या टप्प्यावरही म्हणणे मांडण्याचा अधिकार आहे, हे स्पष्ट केले. तय्यबजी आणि दावर यांच्यापुढे मुकुट आणि आरोपी असे दोनच पक्ष होते. जुन्या जामीनकतब्यात निदान गाव साक्षीला असे.

१४ ऑगस्टच्या निर्णयाची प्रत देशातील सर्व उच्च न्यायालयांना आणि राज्य शासनांमार्फत सर्व कारागृहांच्या अधीक्षकांना पाठवावी, असा आदेश त्यातच होता. तुरुंगात कोणालाही खास वागणूक देऊ नये, ही ताकीद त्यामागे होती. ३ नोव्हेंबर २०२५ रोजी बंगळूरच्या सत्र न्यायालयात दर्शन आणि इतर आरोपींवर आरोपनिश्चिती झाली; सर्वांनी आरोप नाकारले. तेथून त्या खटल्याचे दुसरे घड्याळ सुरू झाले. आरोपपत्रात साक्षीदार २३१ आहेत.